तीन वेळा नॉर्मल

मी चार दिवस छत्रपती संभाजीनगरला होते आणि वेरूळ पाहिलं नाही. अजिंठा पाहिला नाही, बीबी का मकबरा रिक्षातून जाता जाता सुद्धा दिसला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण परत आल्यापासून मिरजेत मला भेटणारा प्रत्येक माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो आणि माझं उत्तर ऐकून असा चेहरा करतो, की जणू मी लग्नाला जाऊन न जेवता परत आले. तुम्हाला लेणी हवी असतील तर हे इथंच मिटून ठेवा. मी गेले होते एका बाईंच्या संशोधनाचा प्रभाव शोधायला, आणि तो शोधताना माझ्या डोक्याची जी मंडई झाली, तेवढीच पुढं आहे.

झालं असं. डॉ. मालती सिल्लोडकर या मूळच्या तिथल्याच. तीस वर्षं नेदरलँड्समध्ये काढून त्या परत आल्या. एमआरआयच्या मशीनमध्ये एक मोठं चुंबक असतं. ते जितकं ताकदवान, तितकं शरीराच्या आतलं चित्र बारीक दिसतं. अशा अतिशय ताकदवान चुंबकांवर त्यांनी जन्मभर काम केलं. गावातल्या काही मंडळींनी समिती केली आणि त्यांचा सत्कार ठरवला. सत्कार म्हटला की गौरवपुस्तिका आली, आणि पुस्तिका म्हटली की ती लिहिणारं कुणीतरी आलं. मी तीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं आणि आता मुलांसाठी विज्ञानावर लिहिते, म्हणून कुणीतरी माझं नाव सुचवलं. समितीच्या सचिवांचा फोन आला. चाळीस पानं हवीत, आणि त्यात इम्पॅक्ट दिसला पाहिजे, असं ते म्हणाले. मालतीबाई सात टेस्लावर काम करायच्या हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं, त्यामुळे त्या मोटारींच्या कंपनीत होत्या का, हेही त्यांनी मलाच विचारलं. टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप आहे, हे मी समजावलं. ते म्हणाले, मग तेही पुस्तिकेत टाका. मी बरं म्हटलं. फोनवर कुठल्याही गोष्टीला बरं म्हणू नये, हे मला या वयातही कळलेलं नाही.

पुंडलिकनगर

रिक्षावाल्याला मी पुंडलिकनगर सांगितलं. त्यानं वाटेत तीन वेळा वेरूळ, खुलताबाद आणि दौलताबाद एका दिवसात करून द्यायची तयारी दाखवली. मी तीन वेळा नको म्हटलं. शेवटी त्याला माझी कीव आली असावी. "फिर आप आयी काय को?" असं त्यानं अगदी मनापासून विचारलं. पुढल्या चार दिवसांत हाच प्रश्न मी स्वतःला बऱ्याचदा विचारला.

मालतीबाईंचं घर एका अरुंद गल्लीत आहे. खाली भाऊ-भावजय, वर त्या. सकाळी दहाची वेळ ठरली होती. मी दहाला पाच कमी असताना वही काढून दारात उभी. समोर निळी पिंपं, सात-आठ बादल्या, दोन हंडे आणि जिन्यावरून वर गेलेला एक लांबलचक पाइप. त्या पाइपाचं तोंड धरून एकाहत्तर वर्षांच्या, पदर खोचलेल्या, बारीक चणीच्या एक बाई उभ्या होत्या.

"आज पाणी आलंय," त्या म्हणाल्या. "बसा."

मी बसले. त्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी बाकी सगळं थांबतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे मिरज-सांगलीला भांडण उलटं असतं. कृष्णा पावसाळ्यात घरात शिरते म्हणून आम्ही ओरडतो. इथं पाणी घरात यावं म्हणून लोक पाइप धरून उभे. पावणेदोन तास मी पिंपं भरताना पाहिली. मधे एकदा मलाही हंडा उचलायला लावला. माझी वही भिजली ती तेव्हाच.

पाणी गेल्यावर मुलाखत सुरू झाली. तुमच्या संशोधनाचा समाजावर काय प्रभाव पडला, हा माझा पहिला प्रश्न. त्या विचार करत राहिल्या आणि मग मला काहीच माहीत नाही म्हणाल्या. मी प्रश्न फिरवून विचारला. किती रुग्णांना फायदा झाला असेल? त्या म्हणाल्या, मी रुग्ण मोजत नव्हते, लहरी मोजत होते. मी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा त्या उठून आत गेल्या आणि एक चपटी प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. आत पांढरा, दाट लगदा होता, तांदळाचं पीठ भिजवल्यासारखा.

"हे माझं काम," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला कळलं तसं लिहिते. दवाखान्यांत साधारण दीड किंवा तीन टेस्लाची मशिनं असतात. मालतीबाई काम करायच्या ते सातचं. चुंबक वाढवलं की चित्र बारीक येतं, पण एक भानगड होते. मशीन डोक्यात रेडिओ लहरी सोडतं, आणि चुंबक जितकं मोठं तितकी त्या लहरींची लांबी कमी. सात टेस्लाला ती कमी होत होत डोक्याच्या आकाराएवढी होते, मग लहरी एकमेकींत अडकतात. डोक्याच्या मधोमध झगझगीत उजेड आणि कानांच्या बाजूला अंधार. इतकं महागडं मशीन, आणि नेमक्या त्याच जागी आंधळं. मालतीबाई आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं त्या अंधाराच्या मागं होते. शेवटी उपाय सापडला तो असा, की एका विशिष्ट क्षाराची पूड पाण्यात कालवून पिशवीत भरायची आणि ती कानाशी ठेवायची. लहरी तिच्यामुळे वळतात आणि अंधाऱ्या जागेत उजेड पडतो.

मी पिशवीकडे पाहिलं. चाळीस पानं आणि ही एक उशी. तेवढ्यात सचिवांचा फोन आला. इम्पॅक्ट मिळाला का, असं त्यांनी विचारलं. लोकांना आकडा लागतो, असंही म्हणाले. मी शोधतेय म्हटलं आणि मालतीबाईंकडे जरा रागानंच पाहिलं. त्या शेंगा सोलत होत्या.

"तुम्हाला एवढं काय ते शोधायचंच असलं ना," त्या म्हणाल्या, "तर उद्या लासूर स्टेशनला जाऊन या. तिथं सविता म्हणून एक मुलगी आहे. मी जाऊन बसते त्या मशीनवर परवा तिचा स्कॅन ठरवलाय. मागच्या आठवड्यात पण ठरवला होता, आली नाही. तिला घेऊन या."

मी पुस्तिका लिहायला आले आहे, माणसं आणायला नाही, हे मी जमेल तितक्या सभ्य शब्दांत सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि गाडीची वेळ एका कागदावर लिहून दिली.

लासूर स्टेशन

लासूर स्टेशन हे गावाचंच नाव आहे, हे मला उतरल्यावर कळलं. मी तिघांना स्टेशन सोडून गाव कुठं असं विचारलं आणि तिघंही हसले. बाजाराच्या बाजूला कांद्याच्या गाड्या उभ्या होत्या आणि ऊन असं, की सकाळी नऊलाच डोळे मिटावेत. सविताचे वडील तिथल्याच एका आडत दुकानात मापाडी आहेत, शिवाय थोडी शेती. घर मागच्या आळीत. दार उघडलं ते तिच्या आईनं, कडूबाईंनी. इतक्या गोड स्वभावाच्या बाईचं नाव कडूबाई कसं, असं मी विचारलं. आधीची दोन लेकरं जगली नाहीत म्हणून आईबापानं नाव कडू ठेवलं, म्हणजे नजर लागत नाही, असं त्यांनी सांगितलं. आमच्याकडे अशा वेळी धोंडूबाई ठेवतात.

मी गडबडीत आहे, दुपारची गाडी पकडायची आहे, असं म्हणेपर्यंत ताट पुढं आलं होतं. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि मिरचीचा ठेचा. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ, ते कालवून आमटी करतात. ती फार चांगली होती. ठेच्याबद्दल मात्र मी काही बोलणार नाही, कारण पहिला घास घेतल्यावर पंधरा मिनिटं मला बोलताच आलं नाही. कोल्हापूरकडचं तिखट आपल्याला चालतं हा माझा गर्व तिथं उतरला.

सविता एकोणतीस वर्षांची. शांत, नीटनेटकी, बारावी झालेली. चौदाव्या वर्षापासून तिला झटके येतात. झटका म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर हातपाय आपटणारा माणूस येतो. हिचं तसं नाही. ती बोलता बोलता थांबते, एकटक बघते, ओठ चाटते, पदर चुरगळते, हाका मारल्या तरी ओ देत नाही. कधी कधी पडते. दोन मिनिटांनी शुद्धीवर येते तेव्हा तिला काही आठवत नाही. गोळ्या चालू आहेत, पण झटके थांबत नाहीत. एमआरआय तीन वेळा झाला होता.

"काय आलं?" मी विचारलं.

"तिन्ही टायमाला नॉर्मल," सविता म्हणाली.

"चला, बरं झालं की," मी म्हटलं.

सविता माझ्याकडे बघत राहिली.

"मॅडम," ती म्हणाली, "तुम्ही बी पेढे वाटणार का?"

मग तिनं सांगितलं. पहिला रिपोर्ट नॉर्मल आला तेव्हा वडलांनी अख्ख्या बाजारात पेढे वाटले. दुसरा लग्नानंतरचा. ती शेंद्र्याला दिली होती, नवरा तिथल्या एका कारखान्यात, पुढं तीही पॅकिंगला लागली. तेव्हा सासऱ्यांनी पेढे वाटले. तिसरा झाला तो ती कामावर मालाच्या सरकत्या पट्ट्याजवळ पडली म्हणून. तोही नॉर्मल. या वेळी पेढे कुणी वाटले नाहीत. सासूनं तो रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला आणि येईल त्याला दाखवायला सुरुवात केली. मशिनीला डोक्यात काही सापडत नाही, मग ही पडते कशाला? काम नको म्हणून सोंग करते. सहा महिन्यांनी तिला लासूरला आणून सोडलं. सहा वर्षांची लेक, आरू, ती तिकडंच ठेवून घेतली. का, तर पडणाऱ्या बाईच्या हातात लेकरू कसं द्यायचं.

मला इतका संताप आला की ठेचा विसरले. सोंग असेल तर लेक द्यायला हरकत काय, आणि आजार असेल तर सोंग कसं? दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल? मी हे मोठ्यानं म्हटलं. कडूबाई म्हणाल्या, "बाई, तिथं कोण इचारणार? रिपोर्ट त्यांच्या कपाटात हाय."

मग तर पुन्हा स्कॅन करायलाच हवा, मी म्हटलं. मागच्या आठवड्यात आली का नाहीस?

सविता पदराच्या टोकाला गाठ मारत होती. ती सोडून पुन्हा मारली. मला एक क्षण भीती वाटली, पण झटका नव्हता. "आरूसाठी आता कोर्टात जायचं तर बाबांची तयारी हाय," ती म्हणाली. "पण चौथ्यांदा नॉर्मल आलं तर मग मी कशाच्या जिवावर जाऊ? आत्ता निदान असं तरी म्हणता येतं, की अजून बघायचं राहिलंय."

यावर उत्तर कडूबाईंकडे होतं. त्या पुढं सरकून म्हणाल्या, की तू काही काळजी करू नको, मी खुलताबादच्या मारुतीला नवस बोललेय.

"काय नवस?" सवितानं विचारलं.

"औंदा बी नारमल येऊ दे म्हन्लं."

सवितानं कपाळावर हात मारून घेतला. आई, तो नवस मोड, असं ती म्हणाली. देवाला बोललेलं मोडत नसतात, असं आई म्हणाली. पोरीच्या डोक्यात काही निघू दे असं कोणती आई मागंल, असंही म्हणाली, आणि इथं दोघींच्याही डोळ्यांत पाणी. मी मधे पडले. चिडूनच पडले. मी पदार्थविज्ञानाची मास्तरीण, आणि नवस मोडता येतो की नाही यावर अर्धा तास वाद घातला. शेवटी तोडगा निघाला तो असा, की कडूबाई मारुतीला नवा नवस बोलतील. 'जे हाय ते दिसू दे.' त्याला दोघी कबूल झाल्या. दुपारची गाडी अर्थातच चुकली. संध्याकाळच्या गाडीनं आम्ही तिघी शहरात आलो आणि त्या दोघी रात्रीपुरत्या मालतीबाईंच्या भावजयीकडे उतरल्या.

तळघर

स्कॅनचं ठिकाण एका इमारतीच्या तळघरात. तिथलं मशीन तीन टेस्लाचं. मालतीबाई आठवड्यातून दोन दुपारी तिथं जाऊन बसतात, पगार नाही, पद नाही. त्या डॉक्टर नाहीत, त्यामुळे रिपोर्ट लिहीत नाहीत. मशीनवर काम करणारे इरफानभाई पन्नाशीचे, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारे. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून मालतीबाई मेंदूचे काप कुठून आणि किती बारीक घ्यायचे ते सांगतात. एवढंच. इरफानभाईंनी मला हळूच सांगितलं, "पैले लगा, ये अम्मा कौन है. अब ये नहीं आये तो मेरेकू ही चैन नई पडता."

आत जाण्याआधी अंगावरचं सगळं धातूचं काढायचं असतं. इरफानभाईंनी पाठ असल्यासारखी यादी म्हटली. मंगळसूत्र, जोडवी, पिना, करदोडा, ताईत, घड्याळ, मोबाइल. बायका मंगळसूत्र काढायला फार वेळ लावतात, असं ते मला आधीच म्हणाले होते. सवितानं मात्र ते पटकन काढलं आणि आईच्या हातात दिलं. कडूबाईंनी ते पदरात बांधलं आणि गाठ पुन्हा पुन्हा चाचपत राहिल्या.

सविता दारातच थांबली. आत जाईना. मी तिला धीर द्यायला पुढं झाले, दाराच्या आत पाऊल टाकलं, आणि मागून इरफानभाईंनी माझा दंड धरून मला मागं ओढलं. माझ्या हातात घड्याळ होतं. यादी ऐकून मी मान डोलावली होती, पण ती यादी पेशंटसाठी, असा माझा समज.

"मशीन सुरू कुठं झालंय अजून?" मी म्हटलं.

"मॅडम, ये मॅग्नेट कभी बंद नहीं होता. रात को भी नहीं."

चुंबक विद्युतप्रवाहाचं असलं तरी ते अखंड चालू ठेवलेलं असतं, हे मी स्वतः एकदा लिहिलेलं आहे. छापलेलं आहे. तीस वर्षं जपलेलं माझं चावीचं घड्याळ त्या दिवसापासून रोज वीस मिनिटं मागं पडतं. त्याचा दोष कुणाला द्यावा ते कळत नाही, म्हणून मी इरफानभाईंवर थोडं डाफरून घेतलं. माझ्या या फजितीचा फायदा एकच झाला. सविता हसली आणि आत गेली.

मालतीबाईंनी तिच्या कानाशी ती उशी ठेवली. तीन टेस्लाला हिचा उपयोग थोडाच, असं त्यांनीच मला सांगितलं, पण तिच्यामुळे डोकं हलत नाही, आणि सवय. मग पाऊण तास ठोकाठोकी. ज्यांनी एमआरआय पाहिला नाही त्यांनी पत्र्याच्या पिंपात बसून बाहेरून कुणीतरी हातोडा मारतंय अशी कल्पना करावी. काचेपलीकडे सविता, अलीकडे आम्ही. कडूबाई बाकावर डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या. नवस जुना की नवा, हे विचारायचं माझं धैर्य झालं नाही.

पडद्यावर राखाडी चित्रं येत होती. मला सगळी सारखीच दिसत होती, आणि इरफानभाईंनाही तसंच वाटलं असावं. "मॅडम, हो गया. नॉर्मल ही दिख रा..."

"इरफानभाई," मालतीबाई म्हणाल्या, "तो शब्द इथं बोलायचा नाही."

इरफानभाईंनी तोंडावर हात ठेवला. मालतीबाईंनी काप आणखी तिरके घ्यायला सांगितले. मग आणखी बारीक. मग एका जागी त्या पुढं वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या. मी विचारलं, काय आहे? त्या म्हणाल्या, रिपोर्ट डॉक्टर देतील. मी म्हटलं, तुम्हाला दिसलंय. त्या म्हणाल्या, मी डॉक्टर नाही. मी म्हटलं, मला तरी सांगा. त्या म्हणाल्या, तुम्ही तर मुळीच डॉक्टर नाही. इतकी चीड मला अलीकडे कुणाची आली नव्हती. ती मुलगी पाऊण तास आत पडलेली, तिची आई बाकावर, आणि यांना कळलंय ते यांच्या तोंडातून निघत नाही.

बाहेर चहाच्या टपरीवर मी हे सगळं त्यांना ऐकवलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"वंदनाताई, तिला सांगायचं आणि उद्या डॉक्टर नाही म्हणाले तर? तीन वेळा झालंय तिचं. चौथ्यांदा माझ्यामुळं नको."

मग त्यांनी आपणहून एक गोष्ट सांगितली, आणि तीन दिवसांत त्यांनी मला दिलेलं सरळ उत्तर हे एवढंच. सात टेस्लाच्या मशीनवर कानशिलामागचा अंधार गेल्यावर तिथं काय काय असू शकतं ते त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं. मेंदूच्या घडीच्या तळाशी एखादा कोपरा, जिथं कडा नीट उमटलेली नाही. मग जुनी, साध्या मशीनची चित्रं काढून बघितली, तर त्यातल्या कितीतरी चित्रांत तो कोपरा आधीपासून होता. पुसट, पण होता. कुणी तिथं बघितलं नव्हतं, कारण तिथं बघायचं असतं हे ठाऊक नव्हतं. "मोठ्या चुंबकानं मला बघायला शिकवलं," त्या म्हणाल्या. "आता ते मशीन माझ्याजवळ नाही. पण शिकलेलं कुठं जातं? इथल्या मशीनवर बसू लागले."

सचिवांचा फोन वाजत होता. मी तो उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांनी चौघींना आत बोलावलं. तरुण होते, घाईत होते, पण पडदा आमच्याकडे वळवून नीट सांगितलं. मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या आतल्या अंगाला, एका घडीच्या तळाशी बारीकशी जागा आहे. तिथले थर नीट जुळून आलेले नाहीत. पोटात असल्यापासूनचं असतं हे. झटके बहुतेक तिथूनच निघतात. ऑपरेशन करता येईल का ते मेंदूचे डॉक्टर आणखी तपासण्या करून ठरवतील, आत्ता त्याबद्दल आपण काही बोलत नाही.

कडूबाई रडू लागल्या. पोरीच्या डोक्यात निघालं, एवढंच त्यांना कळलं होतं. सविता मात्र खुर्चीवरून उठून पडद्याजवळ गेली.

"कुठं?" तिनं विचारलं. डॉक्टरांनी दाखवलं. तिनं त्या जागेजवळ बोट नेलं, पडद्याला न लावता. "म्हणजे हाय," ती म्हणाली. "खरंच हाय ना?"

"आहे," डॉक्टर म्हणाले.

एवढा आनंदानं भरलेला चेहरा मी निकालाच्या दिवशी शाळेतही पाहिला नव्हता. मला भरून आलं, आणि हे सगळं होण्यासाठी तिला डोक्यात काहीतरी निघावं लागलं याचा रागही आला. दोन्ही एकदम आलं. मालतीबाई मागच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि परत लावला, आणि मग काढून परत पुसला.

आम्ही बाहेरच्या बाकावर आलो तेव्हा सचिवांचा पुन्हा फोन. आकडा मिळाला का? मी म्हटलं, मिळाला. एक. ते म्हणाले, एक हजार? मी म्हटलं, एक. मग ते म्हणाले, मॅडम, पुस्तिकेत जरा बघून घ्या. मी बघते म्हटलं.

रिपोर्ट इंग्रजीत होता. सवितानं तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मॅडम, मराठीत लिहून द्या. शेंद्र्याला न्यायचाय. सासूला इंग्रजी येत नाय. नॉर्मल तेवढं वाचता येतं."

मी वहीचं एक कोरडं पान काढलं आणि वर तिचं नाव घातलं. खाली लिहिलं, 'मेंदूच्या डाव्या बाजूला जन्मापासून एक दोष आहे.' सवितानं वाचलं आणि मान हलवली. "दोष नका लिहू. दोष म्हणलं की माझाच म्हणतील." मी खोडलं. डाग लिहावा तर त्याहून वाईट. खोट लिहावी तर लग्नच खोटं ठरवतील. व्यंग, वैगुण्य, विकृती. एकापाठोपाठ एक शब्द मनात आले आणि प्रत्येक तिच्याकडे बोट दाखवतच आला. पन्नास वर्षं मी या भाषेत लिहितेय, आणि बाईच्या आजारासाठी मला तिच्यावर आळ न घेणारा एक शब्द सापडेना. मला स्वतःचाच इतका वैताग आला की पेन बाकावर आपटलं.

"डॉक्टर म्हणाले तेच लिहा," मालतीबाई म्हणाल्या. "जागा."

मग मी लिहिलं, 'सविताच्या मेंदूच्या डाव्या बाजूला एका बारीक जागी थर नीट जुळलेले नाहीत. हे जन्मापासून आहे. झटके बहुतेक तिथूनच येतात. आधीच्या तीन तपासण्यांत ही जागा ओळखता आली नव्हती.' सवितानं सावकाश वाचून दाखवलं. सोंगाबद्दल काही लिहू का, असं मी विचारलं. ती नको म्हणाली, ते त्यांचं त्यांना कळू दे.

कडूबाई इतका वेळ ऐकत होत्या. त्यांनी डोळे पुसले आणि कागदावर वाकल्या. त्यांना वाचता येत नाही, पण ऐकलेला शब्द त्यांच्या मनात अडकला होता. "बाई, ते जन्मापासून खोडा," त्या म्हणाल्या. "म्हणतील, ठावं असून लपवून दिली. पोरीला जन्मभर ऐकावं लागंल."

मी मालतीबाईंकडे पाहिलं. खरं आहे ते कसं खोडायचं, आणि खरं ठेवल्यानं हिचं घर मोडलं तर? त्या सवितालाच विचारा म्हणाल्या. सविता कागदाकडे बघत होती.

"राहू दे आई," ती म्हणाली. "लपवायला आधी ठावं तर लागतं. तुला ठावं नव्हतं, मला बी आजच कळलं."

मग तिनं मला 'जन्मापासून' या शब्दाखाली रेघ मारायला सांगितली. मी मारली.